पूल मोडण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : इयत्ता सातवीने बांधलेला कागदी पूल मोडण्यासाठी परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपण फळ्यासमोर उभे राहून दिलेला शब्द.
२) आपल्या कार्यालयाचे पत्र, 'पूल जतन करण्यात येत आहे'.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार सातवीला विज्ञान शिकवतो. त्याच्या चौतीस विद्यार्थ्यांनी सहा आठवडे खपून रद्दीचा साडेतीन फुटी पूल बांधला. विणकामाच्या सुईवर कागद गुंडाळून नळ्या केल्या, खळीने सांधे जोडले. चौकोन कलंडतो आणि त्रिकोण कलंडत नाही, हे त्यांना आधीचे दोन पूल कोसळल्यावर कळले. अर्जदाराने तेच तीनदा फळ्यावर लिहिले होते, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

१. हा पूल मोडण्यासाठीच बांधला होता. मधोमध बादली टांगायची, तीत मगाने वाळू ओतत जायचे आणि कोणता सांधा आधी सुटतो ते पाहायचे. प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह लिहून पाकिटात बंद केला आहे. पाकिटे तशीच आहेत.

२. आपण पाहणीस आलात व पूल पाहून हरखलात. "शनिवारी पहिला मग मी ओतणार," असे आपण मुलांना सांगितलेत. शुक्रवारी आपली गाडी आली, ती पूल न्यायला. सोबतच्या पत्रात म्हटले होते की, इतकी देखणी वस्तू मोडणे शोभत नाही. ती काचेच्या कपाटात राहील. शनिवारी मुले वाळू चाळून बसली होती.

३. साहेब शब्दाचे पक्के आहेत, असे सांगून अर्जदाराने वर्गाची समजूत घातली. मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी, जिला सगळे शंकेखोर म्हणतात, ती एवढेच म्हणाली, "सर, आणि तुम्ही?" तेव्हापासून ती वर्गात हात वर करत नाही. वार्षिक परीक्षेनंतर ही मुले दुसऱ्या शाळेत जातील.

४. गेल्या सोमवारी अर्जदार समक्ष कार्यालयात आला. काचेच्या कपाटात चहाचे कप आहेत. पूल दोन कपाटांमधल्या फटीवर आडवा टाकला असून त्यावर फायली रचल्या आहेत. शिपाईमामांनी कौतुकाने सांगितले की, एकशे बारा झाल्या, पठ्ठ्या हूं की चूं करत नाही. तथापि डावीकडून तिसरा सांधा दबलेला अर्जदाराने पाहिला. म्हणजे महोदय, प्रयोग चालूच आहे. फक्त त्यातून मुले वगळली आहेत आणि नोंद कोणी ठेवत नाही. अशा प्रयोगास अर्जदार वर्गात शून्य गुण देतो.

५. सव्वीस वर्षांपूर्वी याच वर्गात एका विद्यार्थ्याचा अंदाज चुकला. पूल मधोमध न मोडता टोकाला मोडला. तो मधल्या सुट्टीत डबा न उघडता मोडक्या नळ्या घेऊन बसला आणि कारण सापडल्यावरच उठला. वर्गाने त्याचे नाव 'चौकशी अधिकारी' ठेवले. पुढच्या प्रत्येक वर्गाला अर्जदार त्याची गोष्ट सांगत आला. यंदा सांगितली नाही. त्याची तेव्हाची अंदाजाची चिठ्ठी सोबत जोडली आहे. अक्षर आपण ओळखाल.

तरी पूल परीक्षेपूर्वी परत मिळावा, फायलींसह मिळाला तरी चालेल. ते अशक्य असल्यास चौतीस जणांना आपल्या दालनात फरशीवर बसू द्यावे आणि उरलेल्या फायली त्यांच्यासमोर एकेक करून चढवाव्यात. तेही अशक्य असल्यास, प्रस्तुत अर्ज सहपत्रांसह वर्गाच्या तराजूवर तीनशे दहा ग्रॅम भरला आहे. तो रीतीप्रमाणे फायलीत जाईल आणि फाइल पुलावर जाईल. त्याने पूल मोडलाच, तर कोणता सांधा आधी सुटला एवढे याच अर्जाच्या पाठीमागे लिहून कळवावे. आम्ही तेव्हा पाकिटे उघडू.

आपला नम्र, व चौतीस जणांची नजर चुकवणारा,

(सही)
विज्ञान शिक्षक, इयत्ता सातवी
दि. ११ मार्च

सहपत्रे :
१) पुलाच्या मोजमापांची वही.
२) वर उल्लेखिलेली चिठ्ठी.
३) मग, एक. रिकामा.