माठाविना उन्हाळा

११ एप्रिल
...अंगण झाडून झालं की हे शिडी लावायचे. मी खालून बादली द्यायची, हे पत्र्यावर पसरलेलं उसाचं पाचट भिजवायचे. दिवसभर घर जरा निवायचं. आत आत्याबाई, माझ्या सासूबाई, ओरडायच्या, "अरं, माज्या अंगावर गळतंय." हे मुद्दाम आणखी एक तांब्या तिथंच ओतायचे. मागच्या उन्हाळ्यातली कुठलीही सकाळ. आज तीच आठवत बसले. शेळी ओरडली तेव्हा लक्षात आलं, चूल पेटवलीच नाही.

१६ एप्रिल
यंदा पाचट आणायला कोणी नाही. जुनं होतं ते वाऱ्यानं नेलं. दुपारी पत्रा तडतड वाजतो. दाराला ओलं गोणपाट लावलं, भुई सारवली. लगेच वाळली.
प्यायला हंड्यातलं पाणी. कोमट. दिवाळीनंतर हे गेले तेव्हा रीतीप्रमाणे घरातली मडकी बाहेर टाकली, त्यात माठही गेला. नवा आणते म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, "आखितीला त्याच्या नावानं मडकं भरू. त्याला पानी पोचल्याबिगर माज्या घशाखाली गार पानी जायाचं न्हाई."
आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, दहा मेला. पहिलं वर्ष आहे. आई आहे त्यांची.

२२ एप्रिल
पेपरात वाचलं, पत्र्याला चुना दिला की घर कमी तापतं. (वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचायला शिकले. हे हसायचे.) चुना कालवला, शिडीवर चढले. पहिल्यांदाच. निम्मा पत्रा झाला आणि आतून आवाज, "सुमन, दुखवट्याच्या घराला चुना लावत्यात व्हय? लोक म्हनतील, नवरा गेला न्हाई तवर घर नटवाया लागली."
उतरले. त्यांची खाट पांढऱ्या पत्र्याखाली सरकवली. का सरकवली ते सांगितलं नाही.

२९ एप्रिल
मनीषाचा नगरहून फोन. "आई, आजीला घेऊन ये ना. इथं स्लॅब आहे, कूलर आहे." आत्याबाईंना विचारलं. "लेकाचं मडकं नातजावयाच्या दारात भरू व्हय?" विषय संपला.
शेजारची शकिलाभाभी फ्रीजमधली बाटली घेऊन आली. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. भाभी म्हणाली, "म्हातारे, लेकाला पानी पोचायच्या आदी तूच पोचशील तिकडं." आत्याबाई हसल्या. किती दिवसांनी. "मंग माज्या हातानंच पाजीन की त्याला."
भाभी दारात जाऊन डोळे पुसत होती. मला रडू आलं नाही. येत नाही आजकाल.

५ मे
दुपारी आत्याबाई हाकेला ओ देईनात. अंग तापलेलं, जीभ कोरडी. रिक्षानं पाथर्डीला नेलं. सलाइन लावली. डॉक्टर मलाच रागावले. "घर गार ठेवा, सारखं पाणी पाजा, या वयात..."
येताना बाजारात माठ मांडलेले. रिक्षा थांबवली, एक वाजवून बघितला. मागून पदर ओढला गेला. "थोडं राह्यलंय गं. एवढं कर माज्यासाठी."
रिकाम्या हातानं आले. हंड्यातल्या पाण्यात मीठ-साखर घालून चमच्यानं पाजते आहे. त्यांना काही झालं तर मनीषाला काय सांगू? आणि यांना...

१० मे, आखिती
काल माठ आणि लहान मडकं आणून भिजत ठेवलं होतं. सकाळी मडकं भरलं, वर आंबा ठेवला. यांचं नाव घ्यायचं होतं. एवढ्या संसारात उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. आज सरळ घेतलं. दत्तात्रय. थोडं पाणी सांडलं.
आत्याबाई भिंतीला टेकून बघत होत्या. मग त्यांना माठातलं पाणी दिलं. डोळे मिटून पेलाभर प्यायल्या. "गार हाय." मला वाटलं, चला, निभावलं.
थोड्या वेळानं म्हणाल्या, "झालं बग सुमे. आता त्याच्यासाठी करायचं काय राह्यलं न्हाई."
आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. पुरणपोळीला शिवल्या नाहीत. मी आजवर नुसत्या उन्हाला भीत होते.

१२ मे
परवा संध्याकाळपासून पाणी तोंडाशी नेलं तरी ओठ मिटून घ्यायच्या. काल सकाळीही तेच.
काल दुपारी मी माठ उचलून त्यांच्या खाटेला लावून ठेवला. पेला त्यांच्या हाताशी ठेवला. खाली भुईवर बसले आणि म्हणाले, "आत्याबाई, मला तहान लागलीय. पाणी द्या." त्यांनी कूस बदलली आणि पेला माठात बुडवला.