स्टिरिओ आपोआपच बंद होत होता

बाबा,

स्टिरिओबद्दल तुमचंच खरं होतं. "तुम्हीच बंद करता आणि विसरता," असं मी आत्यासमोर म्हणाले आणि तुम्ही नुसतं "बरं बाई" म्हणालात. माझं चुकलं.

आज घड्याळ लावून तीनदा पाहिलं. आई झोपलेली असते म्हणून तुम्ही स्टिरिओला तारेने जोडलेल्या मोबाइलचा आवाज अगदी कमी ठेवता. मग त्या तारेतून येणारा सिग्नल इतका क्षीण होतो, की काही वाजतच नाही असं धरून स्टिरिओ वीज वाचवायला वीस मिनिटांनी बंद होतो. ते सेटिंग मी काढून टाकलंय. तरी मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवा आणि स्टिरिओचाच कमी करा. ऐकून झाल्यावर मात्र आता आठवणीने बंद करावा लागेल.

यावरून तुम्ही, विसरण्याबद्दल दाखवायला घेतलेली उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द कर म्हणाल. मी केलेली नाही. सोमवारी स्टेशनवरून करंजाड्याला घरी यायला निघालात आणि भलत्याच दिशेला, पळस्प्याच्या नाक्यावर जाऊन तासभर उभे राहिलात. त्याचं कारण मला एकटीला सापडत नाहीये. माझ्याबरोबर चला ना.

समृद्धी