साक्कोट्टैपर्यंत

॥ श्री ॥
चेन्नपट्टण, वैशाख शु. ५, शके १८३५

तीर्थस्वरूप अण्णांस धाकट्या भुवनेश्वरीचा साष्टांग नमस्कार.

पत्रिका पावली. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, आणि वर तुमच्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात माझे नाव. हे गेल्यापासून दोन वर्षांत मंगलकार्याची पत्रिका मला कोणी धाडली नव्हती. हातात घेऊन खुळ्यासारखी रडले.

अप्पांची साठी आणि लग्नाची पन्नास वर्षे एकाच मुहूर्तावर, म्हणजे आई पुन्हा नवरी होणार! पहिल्या खेपेला दहा वर्षांच्या अप्पांना मंगळसूत्राची गाठ जमली नाही, ती आत्याने मारली, म्हणून आई अजून चिडवते. आता तरी जमते का पाहू.

माझी जागा मला ठाऊक आहे. मांडवात येणार नाही, माजघरात दाराआड बसेन. सासूबाईंनी जा म्हटले आहे. दोन वर्षांत आईला पाहिले नाही. तेवढे झाले की माझे दुसरे मागणे नाही. अष्टमीला सकाळच्या गाडीने येते. वहिनींना नमस्कार. माया आहेच, मी दूर आहे म्हणून ती आटू देऊ नये.

॥ श्री ॥
कुंभकोणम्, वैशाख शु. ९

चि. भुवनेश्वरीस व्यंकोबाचे अनेक आशीर्वाद.

काल स्टेशनावरून घोड्याचा जटका घराकडे न वळवता साक्कोट्टैला नागलक्ष्मी मावशीच्या दारात नेला, तेव्हा तू काही विचारले नाहीस. विचारले असतेस तर बरे झाले असते. तोंडाने सांगणे जमले नाही, म्हणून लिहितो आणि जटकेवाल्याबरोबर धाडतो.

चूक माझी. घरच्या कार्याची पहिली पत्रिका तुला, ही इतक्या वर्षांची सवय. नाव घातले, हळद लावली आणि टपालात टाकली. ध्यानात आले तेव्हा येऊ नको असे लिहायला हात धजला नाही. कार्य सांगणारे वाध्यार भटजी म्हणतात, नवरानवरी पुन्हा बोहल्यावर चढतात त्या घरात विधवेची सावलीही नको. मी भांडलो नाही. त्याची लाज वाटते.

उद्या कार्य उरकले की एकादशीला सकाळी आईला घेऊन तिकडे येतो, हा माझा शब्द. रागव, पण बोलणे टाकू नकोस.

॥ श्री ॥
साक्कोट्टै, वैशाख शु. १०

तीर्थस्वरूप अण्णांस साष्टांग नमस्कार.

वाऱ्याबरोबर तुमच्या मेळाचा, सनईडोलाचा आवाज येतो असे मावशी म्हणते. मला काही ऐकू आले नाही. मुहूर्ताच्या वेळी इथल्या शिवाच्या देवळात गेले आणि आईअप्पांच्या नावे अर्चना करायला सांगितली. पुजाऱ्याने विचारले, तुम्ही त्यांच्या कोण? मी शेजारीण म्हणाले. लेक म्हटले असते तर आज इथे काय करता, असे विचारले असते.

वाध्यारांवर माझा राग नाही. त्यांनी पोथीत पाहिले ते सांगितले. उद्या आईला उन्हे चढायच्या आत आणा. तिला आवडतात म्हणून शेवया करणार आहे. डोईवरून पदर घट्ट ओढून बसेन, म्हणजे माझे डोके तिला एकदम दिसायचे नाही. आज तिला नमस्कार सांगू नका, उद्या मीच करीन.

॥ श्री ॥
कुंभकोणम्, वैशाख शु. ११

चि. भुवनास आईचा आशीर्वाद.

अक्षर व्यंकोबाचे, बोल माझे. एक शब्द बदलायचा नाही असे त्याला बजावले आहे.

वाध्यारांनी काही म्हटले नव्हते. लेक आहे, आत बसू द्या, असेच ते म्हणाले. नको मी म्हटले. व्यंकोबाने माझ्यासाठी त्यांच्यावर ढकलले.

तुझे कळले त्या दिवसापासून देवाजवळ एकच मागते, यांच्या आधी मला ने. तुझ्या वाट्याला आले ते मला सोसायचे नाही. तुझ्याकडे पाहिले तर तेच माझ्याही घरात शिरेल, अशी धास्ती बसली आहे. पोटच्या पोरीला भिणारी आई कोणी पाहिली आहे काय? पण भिते. आज जटका दारात उभा होता. पाय ठेवला आणि काढून घेतला. अप्पा ओट्यावर बसून पाहत होते.

तू परत जा. मला काय म्हणायचे ते म्हण, पण त्यांना काही लागेल असे म्हणू नकोस. माया कमी झालेली नाही ग. जवळ येववत नाही.

॥ श्री ॥
साक्कोट्टै, वैशाख शु. १२

तीर्थरूप आईस भुवनाचा साष्टांग नमस्कार.

कागद मावशीने वाचू का म्हणून विचारले. मीच वाचला. अण्णाला तो लिहायला लावलास, तेवढे मात्र करायला नको होतेस.

आज दुपारच्या गाडीने निघते. तुला मी काही म्हणत नाही. पहिले काही महिने मीही आरशापुढून जाताना डोळे मिटत असे, तर तुला काय म्हणू? वाटेत मागे वळून अग्रहारातल्या आपल्या घराकडे पाहणार नाही, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको.

आजपासून तू मागतेस तेच मीही मागते. देवाने ते ऐकले, आणि अप्पांच्या आधी तू गेलीस, तर अण्णाला सांगून ठेव, मला तार करायला. तेव्हा मी घरात येईन, तुझ्याजवळ बसेन. तेव्हा तू भिणार नाहीस.

तुझी,
भुवना