भोंगा वाजला की

११ फेब्रुवारी
— आणि तसाच पळालो. एका बुटाची नाडी सुटलेली, तोंडात घास. आमच्या कॉलनीत कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला की पाळी कोणाची हे कोणी विचारत नाही. भट्टी विझली तर आतली काच गोठते. मग भट्टीच फोडावी लागते.

फाटकाशी आठवलं — मला गेल्या आठवड्यात कमी केलंय. लहान भट्टी बंद, तिच्यावरचे आम्ही सगळे जादा. वॉचमनलाही आठवलं नसावं. नेहमीसारखा सलाम केला.

मोठ्या भट्टीवर मेव्हणा एकटाच झगडत होता. तेलाची नळी तुंबलेली. दोघांनी मोकळी केली. संध्याकाळी ज्योत पुन्हा पांढरी झाली. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, तुम्हाला बघून खुलली ती.

बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

२० फेब्रुवारी
कपातीची भरपाई मिळणार नाही!

मॅनेजर फार नम्रपणे बोलला. करारात कलम आहे म्हणे. कमी केलेल्या माणसाला कंपनीने दुसरं काम दिलं आणि त्याने ते घेतलं, तर भरपाई नाही. मी मोठ्या भट्टीवर काम घेतलं. त्या दिवसाचा पगार खात्यात जमा आहे. उद्यापासून यावं — मदतनीस म्हणून, निम्म्या पगारावर.

मी म्हटलं, काम घेतलं नाही. भोंगा वाजला म्हणून आलो.

‘तेच म्हणतोय मी. आलात.’

२१ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. भाजी चिरत होती, चिरत राहिली. मग म्हणाली, भट्टीशीच लग्न लावायचं होतंत, माझ्या बापाचा खर्च वाचला असता.

मार्चअखेर कॉलनीतली कंपनीची खोली सोडायची आहे. नव्या खोलीचं डिपॉझिट भरपाईतूनच भरणार होतो. दुसरं काही नाही आमच्याकडे.

३ मार्च
युनियनच्या वकीलबाईंकडे. बोलावलं कोणी होतं, त्यांनी विचारलं. कोणी नाही. मग गेलात कशाला? म्हटलं, काच गोठली असती. त्यांनी पेन खाली ठेवलं. कोर्टातही असंच सांगा म्हणाल्या, पण जज्जांनी भट्टी बघितलेली नसते.

‘निकाल लागेपर्यंत फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. परत गेलात तर माझ्याकडे येऊ नका.’

हात दाखवून अवलक्षण.

९ मार्च
खोली बघायला गेलो. भिंतींना ओल. घरमालकाने विचारलं, काय करता? करतो की करत होतो — तिथेच अडलो. त्याने दार लावून घेतलं.

१० मार्च
निम्म्या पगारावर जावं का? बायकोला विचारलं नाही. तिने विचारू दिलं नाही.

१६ मार्च
काही नाही. दिवसभर खिडकीतून धुराडं.

२२ मार्च
जेवत होतो. भोंगा.

हात धुतले. दाराशी बूट नव्हते. मोरीत गेलो. दोन्ही बूट बादलीत, पाण्याखाली. बायको शेजारी उभी. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.

तेवढ्यात मेव्हणा दारात. धावत आलेला, भुवया करपलेल्या.

‘भाऊजी, चला. माझ्या हाताला दाद देत नाहीये ती.’

मी बादलीकडे बघितलं. बायको मधे आली.

‘त्यांना नेऊ नकोस.’

‘ताई, विझली तर माझीही नोकरी जाईल.’

‘माहीत आहे.’

सख्खा धाकटा भाऊ. तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेला. तो एकटाच परत धावला. पाठमोरा अगदी त्यांच्या वडिलांसारखा दिसला.

अनवाणीही पळता आलं असतं. पळालो नाही. ताटावर येऊन बसलो. बायकोने आमटी गरम करून वाढली. दोघांनीही खाल्ली नाही.

भोंगा बराच वेळ वाजत होता. मग थांबला. वाचली की गेली, कळायला मार्ग नाही.

२३ मार्च
धुराड्यावर धूर नाही. बायकोने बूट उन्हात ठेवले. मेव्हणा आला, चहा प्यायला. जाताना वकीलबाईंचा पत्ता मागितला. दिला.