नोट्स न देणाऱ्या बाई

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुमच्याशीच भांडायला बसलेय. ज्यांच्याशी भांडायला हवं होतं, त्यांच्यासमोर माझी दातखीळ बसली.

कॉलेजच्या वेबसाइटवर आम्हा प्राध्यापकांची माहिती टाकायची आहे. पार्श्वभूमी, आवडी आणि ‘अध्यापनविषयक तत्त्वज्ञान’, सगळं शंभर शब्दांत. मी दोन दिवस खपून लिहिलं. पार्श्वभूमीत लिहिलं, आई शेंद्र्याच्या कारखान्यात पॅकिंगला होती. आवडीत जात्यावरच्या ओव्या आणि औरंगपुऱ्यातल्या दुकानांपुढची घासाघीस ऐकणं. तत्त्वज्ञानात तुमचंच. मी वर्गात नोट्स देत नाही, मुलांना कवितेबद्दल घरच्या बोलीत बोलायला लावते. विभागप्रमुखांनी कागद वाचला आणि लाल पेन काढला. “मॅडम, आईचं पॅकिंग कशाला पायजे इथं? बाहेरचे लोक वाचतेत हे.” काट. ओव्यांवर काट, घासाघिशीवर काट, नोट्सच्या वाक्यावरही काट. खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘विद्यार्थिकेंद्रित व मूल्याधिष्ठित अध्यापन.’ मराठीवाल्यांचं तेच, रसायनशास्त्राचं तेच, खेळाच्या सरांचंही तेच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या पगारावर मी शिकले, तिला लपवायचं?

मला तुमचा वर्ग आठवला. मी पहिल्या वर्षाला आहे. तुम्ही फळ्यावर कवितेची एकच ओळ लिहून मागच्या बाकावर जाऊन बसलायत. कविता आईवरची आहे. मी उभी राहते आणि पाठ केलेलं गाइड घडाघडा ओकते, मातृत्वाची महती वगैरे. तुम्ही भरवर्गात म्हणता, “हे गाइडाचं झालं. तुझं कुठंय? ही ओळ वाचून दाखवली तर तुझी आई काय म्हनल?” मला रडूच फुटतं. रडत रडत म्हणते, “आई म्हनल, मला येळ नाय, डबा भरायचाय.” वर्ग खो खो हसतो. तुम्ही हसत नाही. उठून माझं वाक्य त्या ओळीखाली लिहिता, आणि उरलेला तास आम्ही त्या दोन वाक्यांवर भांडतो. तुमच्यावरचा राग महिनाभर गेला नव्हता माझा. पण मराठी घेऊन एम.ए. करायचं, हे त्याच तासाला ठरलं.

पण बाई, तुम्हाला हे सोपं होतं. तुम्हाला कुणी फॉर्म दिला नाही, निकालाचा तक्ता घेऊन कुणी केबिनमध्ये बोलावलं नाही. माझ्या वर्गात फुलंब्रीची एक पोरगी आहे, हुशार. ती वर्षाच्या सुरुवातीला म्हणाली, “मॅडम, तुमचं बोलनं लई भारी वाटतं, पण पेपरात काय लिव्हायचं?” काय सांगू तिला? असली पद्धत लावून देऊन तुम्ही गेलात निघून, आणि खुलासे द्यायला मी उरले.

सही केली मी, त्या लाल अक्षरांखाली. घरी येऊन सगळा राग तुमच्यावर काढतेय, पण हे पत्र तुमच्या मुलीकडेसुद्धा देणार नाही. कारण विभागप्रमुखांनी खोडलेल्या मजकुरात एक वाक्य खोटंच होतं. नोट्स मी देते, बाई. तीन वर्षं झाली. त्या पोरीलाही दिल्या, आणि तिनं एक अक्षर न बदलता पाठ केल्या.