चिंगी कुणाच्या नावावर

मंगळवार, संध्याकाळ

आज काकांनी आमची गाभण मांजर, चिंगी, खताच्या पोत्यात घालून नदीपलीकडे सोडली. पोत्याचे तोंड मी धरले होते. पाळलेले जनावर असे सोडून देणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे वाक्य मनात तीनदा जुळवले आणि शेवटी कसेबसे पुटपुटले. काका हसले. "आगं, कायदा जमिनीला आसतोय. मांजर कुणाच्या नावावर हाय व्हय?"

'माझ्या', एवढेच म्हणायचे होते. निबंधात पहिली येणाऱ्या मुलीला एक शब्द सुचू नये? सुचला होता, उच्चारला नाही. पोत्याचे तोंड मात्र घट्ट धरले.

चिंगी काकांच्या हाताला कधीच लागत नाही. माझ्या हातून ती निमूट आत उतरली. त्यासाठीच त्यांनी मला बोलावले होते, आणि ते मला ठाऊक होते.