वकीलबाईंचं बुडीत बिल आणि आत्याचे वादग्रस्त चाळीस डॉलर

फोर्ट वेन, इंडियाना
५ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप व्हर्ना आत्यास,

वेंडेलचा नमस्कार. वाकून करतो आहे, कारण ताठ उभं राहून करण्याची सध्या माझी लायकी नाही. तुझा गुडघा कसा आहे? थंडीची बातमी तो हवामान खात्याच्या आधी देतो, तेव्हा बर्फ कधी पडणार तेही कळव. मांजराचं वजन उतरलं का? इकडे मी ठीक आहे. (हे वाक्य लिहून पाच मिनिटं थांबलो. ‘ठीक’ लिहिणं खोटं तर नाही? प्रकृतीने ठीक आहे. बाकीचं खाली येतंच आहे.)

गेले पाच रविवार तुझा फोन आला नाही. पहिल्या रविवारी मला वाटलं तू चर्चमधून उशिरा आलीस. दुसऱ्या रविवारी मीच केला, तर तू एवढंच म्हणालीस की फेडरल कोर्टाने तुला मला फोन करायची मनाई केली आहे आणि या वयात तुरुंगात जायची तुझी इच्छा नाही. आणि फोन ठेवलास. आत्या, माझ्या दिवाळखोरीची ती नोटीस पैसे मागायला मनाई करते. ‘जेवलास का’ विचारायला करत नाही. तुला हे नक्की ठाऊक आहे, आणि तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे. तरी झालं कसं ते मुळापासून लिहितो. एकदा लिहून काढलं की माझी चूक नेमकी कुठे सुरू झाली ते तरी मला कळेल.

घटस्फोटानंतर माझी स्थिती तू पाहिलीसच: एक पगार, दोन घरं, तीन क्रेडिट कार्डं आणि एक दात, ज्यावर दंतवैद्याने गाडीच्या किमतीचं काम केलं. त्यात वकिलांची दोन बिलं. पहिलं माझ्या बाजूच्या रोबर्टा पुल्झबाईंचं, नऊ हजार आठशे. (बाई तुझ्याच, एकोणीस वर्षं गुरुवारच्या पत्त्यांत तुझ्या जोडीदार; तूच मला त्यांच्याकडे पाठवलंस. हा आरोप नाही, नोंद आहे.) वकील लोक वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात. मला वाटायचं, शपथेवर दिलेल्या कागदात काही राहून गेलं तर? म्हणून मी फोन करायचो. राहून गेलं नाही, असं त्या सांगायच्या. मग आभार मानायला पुन्हा फोन. बिलात माझे आभार सतरा वेळा आहेत, प्रत्येकी सहा मिनिटं.

दुसरं बिल कोरीनच्या वकिलाचं, चार हजार शंभर. घटस्फोट तिने मागितला आणि तिच्या वकिलाचे पैसे मी द्यायचे, हे कसं? तर घरातल्या वस्तूंची यादी मी तीनदा दुरुस्त केली. वॉफल भाजायचं यंत्र मी आधी माझ्या नावावर लिहिलं, मग आठवलं की ते तिच्या मावशीने दिलं होतं, मग आठवलं की दिलं दोघांना होतं. प्रत्येक दुरुस्तीला तिच्या वकिलाने सहा-सहा मिनिटांच्या माळा लावून उत्तर दिलं. शेवटी न्यायाधीश म्हणाल्या की या गृहस्थांच्या सचोटीचा खर्च समोरच्या पक्षाने का सोसावा? आणि हुकूम लिहिला. कोरीन बाहेर आल्यावर म्हणाली, “वेंडी, वॉफलचं यंत्र तूच ठेव. एवढ्या पैशांत मी वॉफलचं दुकान टाकते.”

दिवाळं काढायचं ठरल्यावर सल्ल्याला मी रोबर्टाबाईंकडेच गेलो. दिवाळखोरीचे वकील फी आधी रोख घेतात (का, ते सांगायला नको), आणि माझ्याकडे रोख नव्हती. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळं समजावून सांगितलं. स्वतःच्या घटस्फोटाच्या वकिलाची फी म्हणजे साधं कर्ज, दंतवैद्यासारखंच. ते पुसलं जातं. पण घटस्फोटाच्या हुकुमात कोर्टाने तुम्हाला बायकोच्या वकिलाचे पैसे भरायला सांगितले असतील, तर ते पोटगीच्या पंगतीत बसतं आणि दिवाळं काढूनही मानेवर राहतं.

मी म्हणालो, “म्हणजे माझ्यासाठी जी भांडली तिचे बुडणार, आणि माझ्याविरुद्ध जो भांडला त्याचे पै न पै द्यायचे?”

“बरोबर.”

“हे तुम्ही मला स्वतःहून सांगताय?”

“मग कोण सांगणार? तुझी वकील मीच ना. आणि घाबरू नकोस, याची सहा मिनिटं लावत नाही. लावून मिळणार काय आहेत?”

मी रात्रभर तळमळलो. कर्जांच्या यादीतून त्यांचं नाव गाळावं का? पण सगळी देणी लिहिली आहेत अशी शपथ घ्यायची असते. नाव गाळलं तर शपथ खोटी, लिहिलं तर बाई बुडाल्या. शेवटी त्यांनीच फोन करून खडसावलं: “लिही मुकाट्याने. नंतर आपखुशीने दिलेस तर कायदा तुझा हात धरत नाही. पण मी मागू शकत नाही, आणि मागणारही नाही.”

आता तुझी गोष्ट. अर्जात म्हटलं होतं, ज्यांचं देणं लागता ते सगळे लिहा. सगळे म्हणजे सगळे. मी शेजारच्या ग्लेनकडून आणलेलं बर्फाचं फावडंसुद्धा लिहिलं. आणि मग आठवलं की १९९५ साली शाळेच्या निरोपाच्या नाचासाठी सूट भाड्याने घ्यायला तू मला पैसे दिले होतेस, ते परत करायचे राहिले. तू चाळीस म्हणतेस, मला पस्तीस आठवत होते. म्हणून चाळीस लिहिले आणि शेजारच्या ‘वादग्रस्त’ या चौकटीत बरोबरची खूण केली. शपथेवर होतो, आत्या!

मग धनकोंची सभा. कोर्टाचं पत्रच म्हणत होतं ‘सभा’. माझे एकवीस धनको; इतकी माणसं कामधंदा सोडून माझ्यापायी येणार, त्यांना काही खायला नको? मी दोन डझन डोनट नेले. वेळ झाली तरी कोणी आलं नाही. कधीच कोणी येत नाही, असं मागाहून कळलं. कोर्टाने नेमलेला अधिकारी माझ्याकडे आणि खोक्याकडे आळीपाळीने बघत राहिला. खोकं मी मालमत्तेत दाखवलं नव्हतं, म्हणून मला घाम फुटला. त्याने विचारलं, “धनकोंपैकी कोणी हजर?” तेवढ्यात दार उघडून रोबर्टाबाई आल्या, डोनट उचलला आणि तोच हात वर केला.

“माझ्या बिलाबद्दल काही म्हणणं नाही,” त्या म्हणाल्या. “व्हर्नाचा निरोप आहे. वेंडेल, तिचे चाळीस डॉलर वादग्रस्त कसे?”

अधिकाऱ्याने मला शपथेची आठवण करून दिली. मी म्हणालो, “मला पस्तीस आठवतात.”

चार दिवसांनी तुझं कार्ड आलं: ‘थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला या वर्षी फक्त निर्विवाद नातेवाईक.’

आत्या, रोबर्टाबाईंचे नऊ हजार आठशे बुडतायत आणि त्या अजून मला बघून हसतात. तुझे पाच डॉलर कमी आठवले आणि माझं पान उठलं. तुझं टर्की खाताना दरवर्षी मी मनात म्हणतो की कोरडं झालंय (हे आता लिहिलंच, तर राहू दे), पण बाबा गेल्यापासून मला दुसरं कुठलं टेबल नाही. माझी चूक पाच डॉलरची नसावी. तुझ्या शब्दाशेजारी मी खूण केली, ती चूक असावी. याबद्दल मनापासून माफी मागतो.

तुझा,
वेंडेल

ता. क. काल माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या. १३ मे १९९५: ‘आत्याकडून सुटासाठी ३५. निघताना फुलांसाठी ५. मध्यरात्री गाडी बंद पडली, आत्या नाइटगाउनवर आली, पेट्रोलसाठी ५. रागावली नाही.’ एकूण पंचेचाळीस. म्हणजे मी दहाने चुकलो आणि तू पाचने. (तुझी चूक लहान आहे, हे मान्य.)

ता. क. २. आकडा दुरुस्त करून ‘वादग्रस्त’ खोडायची कोर्टाची फी चौतीस डॉलर आहे. ते सध्या माझ्याकडे नाहीत. रोबर्टाबाईंना आपखुशीने दरमहा पन्नास द्यायला लागलोय. त्या चेक परत पाठवतात, मी पुन्हा पाठवतो, टपालात बरेच जातात.

ता. क. ३. तर चौतीस डॉलर उसने देशील का? हे नवं कर्ज दिवाळ्यात धरलं जात नाही, आणि पुढची आठ वर्षं असं दिवाळं मला पुन्हा काढता येत नाही. माझ्याइतका सुरक्षित ऋणको तुला साऱ्या इंडियानात मिळणार नाही. पाकिटातून पाठवू नकोस, उगाच तिकिटाचा खर्च. या महिन्याच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, जेवताना टेबलावरूनच हातात दे. साक्षीला रोबर्टाबाई असतीलच. येताना मी वॉफलचं यंत्र आणतो.